विशेष शिक्षकांसाठी एआय प्रशिक्षणाचे घरबसल्या काम: सुरुवात कुठून करायची

दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक जाहिरात अधूनमधून येऊन पडते. स्पेशल एज्युकेटर हवेत, काम घरून, पैसे तासावर आणि तेही डॉलरमध्ये. काम काय, तर एआय मॉडेलला प्रशिक्षण देणे. मग ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो ही सरळ फसवणूक आहे, दुसरा म्हणतो माझ्या नणंदेच्या मैत्रिणीला खरेच पैसे मिळाले. दोघांचेही बरोबर असू शकते. हे काम खरे आहे, त्याच्या नावावर चालणारी लुबाडणूकही खरी आहे, आणि खऱ्या कामातही आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाला शिरकाव मिळतोच असे नाही. ज्यांना या वाटेने जाऊन बघायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

काम नेमके काय असते

भाषेचे मॉडेल आधी प्रचंड मजकूर वाचून तयार होते. पण चांगले उत्तर कोणते आणि टाकाऊ कोणते, हे त्याला माणसांकडून शिकावे लागते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०२२ मध्ये इन्स्ट्रक्टजीपीटी या मॉडेलची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यामागे सुमारे ४० कंत्राटी माणसांनी लिहिलेली नमुना उत्तरे आणि लावलेली प्रतवारी होती. त्या शिकवणीनंतर १.३ अब्ज पॅरामीटरचे (मॉडेलचा आकार यात मोजतात) छोटे मॉडेल १७५ अब्ज पॅरामीटरच्या जीपीटी-३ पेक्षा तपासणाऱ्यांना जास्त पसंत पडले. पुढे प्रश्न अवघड होत गेले आणि कोणीही सुशिक्षित माणूस पुरेनासा झाला. मॉडेलची आरोग्यविषयक उत्तरे तपासणाऱ्या, २०२५ मध्ये आलेल्या हेल्थबेंच या चाचणीसाठी ६० देशांत काम केलेल्या २६२ डॉक्टरांच्या मदतीने ५,००० संभाषणांवर ४८,५६२ निकष तयार झाले. डॉक्टरांच्या जागी विशेष शिक्षक ठेवले की आपल्याला येणाऱ्या कामाचा अंदाज येतो.

प्रत्यक्षात चार तऱ्हेची कामे समोर येतात. मॉडेलची दोन उत्तरे वाचून कोणते सरस ते कारणासह सांगायचे. वर्गातला खरा वाटावा असा प्रश्न रचायचा आणि त्याचे आदर्श उत्तर लिहायचे. उत्तर तपासण्यासाठी निकषांची यादी, म्हणजे रुब्रिक, बनवायची. आणि मॉडेल कुठे घातक सल्ला देते ते मुद्दाम शोधायचे. कोडिंग लागत नाही. लागतो तो तुमचा निर्णय आणि तो निर्णय का घेतला हे शब्दांत मांडायची तयारी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा बरीच अवघड आहे, कारण वर्गात आपण ते कुणाला समजावत बसत नाही, करून मोकळे होतो.

पहिली पायरी: तुम्हाला हे काम करता येते का

जाहिरातीच्या लिंकवर बोट ठेवण्याआधी आपल्या नोकरीचे कागद बाहेर काढा. जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी सेवेत असाल, तर परवानगीशिवाय दुसरा पगारी व्यवसाय करता येत नाही. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत. अनुदानित खाजगी शाळेत असाल, तर १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आणि तुमचे नेमणूकपत्र दोन्ही वाचा. समग्र शिक्षामध्ये कंत्राटावर असाल, तर करारातले दुसऱ्या कामाविषयीचे कलम बघा. ‘घरून करतोय, कुणाला कळणार’ हा विचार इथे चालत नाही, कारण पैसे बँकेत येतात आणि बँकेतले प्राप्तिकराच्या विवरणात जाते. लेखी परवानगी मागा. मुख्याध्यापक तोंडी ‘करा की’ म्हणाले, एवढ्यावर राहू नका.

अमेरिकेत असलेल्या मराठी भगिनींसाठी वेगळी सूचना. तिथे विशेष शिक्षणाचे शिक्षण घेतलेल्या, पण एच-४, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर घरी असलेल्या अनेक जणींना हे काम सोयीचे वाटते. वर्क परमिट नसेल तर ते करता येत नाही. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असेल तर ज्या मालकाने त्यासाठी अर्ज केला त्याचेच काम करायचे असते. लॅपटॉपवरचे, तासाभराचे काम असले तरी ते अमेरिकेत बसून केलेले कामच धरतात. या बाबतीत मैत्रिणीचा सल्ला घेऊ नका, वकिलाचा घ्या.

दुसरी पायरी: कागदपत्रे आणि ओळख

भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी हे तुमचे सगळ्यात वजनदार कागदपत्र. सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला तुमचा क्रमांक, चालू आहे ना ते बघा. मुदत संपलेली असेल तर आधी नूतनीकरण. बायोडाटामध्ये ‘१२ वर्षांचा अनुभव’ एवढेच लिहिले, तर परदेशातल्या वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणत्या प्रकारच्या अपंगत्वाची मुले, कोणता वयोगट, वर्गात किती मुले, कोणत्या चाचण्या आणि साधने हाताळली, हे लिहा. एफएसीपी किंवा एमडीपीएस या कौशल्य तपासणाऱ्या सूची वापरून बेसलाइन, म्हणजे मुलाची सुरुवातीची पातळी, काढली असेल, आयएसएए ही स्वमग्नतेची चाचणी घेतली असेल, आयईपी (मुलाचे वैयक्तिक शिक्षण आराखडे) स्वतः लिहिले असतील, पालकांना घरचा कार्यक्रम शिकवला असेल, तर तसे नमूद करा आणि प्रत्येक साधनाचा एका ओळीत अर्थ द्या. वाचणाऱ्याला एमडीपीएस म्हणजे काय हे ठाऊक असेलच असे नाही.

बऱ्याच जाहिराती अमेरिकन परवाना असलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या शिक्षकांसाठी असतात. तसे लिहिले असेल तर अर्ज करण्यात वेळ घालवू नका. आपल्यासाठी दोन दारे जास्त उघडी आहेत: देशाची अट नसलेली विशेष शिक्षणाची कामे, आणि मराठी-हिंदी भाषेची कामे. दुसऱ्या दारातून शिरून पुढे विषयतज्ज्ञ म्हणून काम मिळवता येते.

टायपिंगचे बघून ठेवा. शाळेच्या कामात श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टवर हात बसलेला असेल, तर तो मजकूर या संकेतस्थळांवर कचरा होऊन दिसतो. सगळीकडे वाचता येणाऱ्या युनिकोडवर या, इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका किंवा फोनेटिक वापरा. सूचना मात्र जवळपास सगळीकडे इंग्रजीत असतात, कधी वीस-तीस पानांच्या. त्या वाचायचा कंटाळा असेल तर हे काम तुमचे नाही.

तिसरी पायरी: काम कुठे शोधायचे, खोटे कसे ओळखायचे

मर्कोर, आउटलायर, डेटाअ‍ॅनोटेशन अशी हे काम देणाऱ्यांची नावे तुमच्या कानावर येतील. बंगळुरूची कार्या ही संस्था भारतीय भाषांतले डेटाचे काम फोनवरून देते. तिथे बहुतेक काम बोलण्या-वाचण्याचे असते, पण नवख्याला हात बसवायला ठीक. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तिथूनच अर्ज करा, ग्रुपवर आलेल्या लिंकवरून नको.

खोट्या कामाची लक्षणे लांबून दिसतात. नोंदणी फी, ‘ट्रेनिंग किट’, परत मिळणारी अनामत. टेलिग्रामवरच सगळा व्यवहार. काम द्यायच्या आधी ओटीपी किंवा नेट बँकिंगची माहिती. एक प्रकार जरा सभ्य चेहऱ्याने येतो: ‘तुमच्या नावाने खाते उघडून द्या, काम आम्ही करू, निम्मे पैसे तुमचे.’ यात तुमचा आरसीआय क्रमांक आणि पॅन दुसऱ्याच्या हातात जातो, आणि खाते बंद पडले की नाव तुमचे खराब होते.

चौथी पायरी: मुलाखत आणि चाचणी

बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्यासमोर पंधरा-वीस मिनिटांची मुलाखत असते आणि प्रश्न विचारणारा एआयच असतो. तो तुमच्या बायोडाटातून प्रश्न काढतो. त्याला ‘मुलांवर प्रेम’, ‘संयम’ वगैरे सांगून काही उपयोग नाही. एखाद्या मुलाचे, ओळख लपवून, संपूर्ण उदाहरण सांगा: कुठे अडले होते, मोजमाप कसे केले, काय बदलले, किती आठवड्यांनी पुन्हा मोजले. विशेष शिक्षकाची ओळख या मोजमापातून पटते.

लेखी चाचणीत चॅटजीपीटीकडून उत्तर लिहून घेण्याचा मोह होईल. बहुतेक करारांत त्याला सक्त मनाई असते आणि पकडले गेले की कायमचे बाहेर. शिवाय त्यात अर्थही नाही. मॉडेलला मॉडेलचेच लिखाण शिकवायला तुम्हाला कोण पैसे देईल? चाचणीचे पैसे मिळतात की नाही हे आधी विचारून घ्या, दोन्ही पद्धती आहेत.

पाचवी पायरी: निकष लिहायला शिका

या कामात टिकणे न टिकणे इथे ठरते, म्हणून जरा सविस्तर. समजा, प्रश्न असा आहे: ‘माझ्या वर्गातला आठ वर्षांचा स्वमग्न मुलगा मधल्या सुट्टीची घंटा झाली की कान झाकतो, टेबलाखाली शिरतो आणि ओढून काढायला गेले की चावतो. काय करू?’

मॉडेल सात मुद्द्यांचे नीटनेटके उत्तर देते. शांत कोपरा करा, हेडफोन द्या, सोशल स्टोरी (प्रसंग समजावणारी छोटी गोष्ट) वाचा, चित्रांचे वेळापत्रक लावा, शाबासकीचा तक्ता ठेवा, पालकांशी बोला, ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. यातले एकही वाक्य धडधडीत चूक नाही. तरी अनुभवी बाई हे वाचून मान हलवतील, कारण उत्तरात पहिली गोष्टच नाही: ओढणे आधी थांबवा. मूल घंटेमुळे चावत नाही, ओढल्यावर चावते, हे प्रश्नातच लिहिले आहे. दुसरे, त्रास घंटेच्या आवाजाचा आहे, नंतरच्या गोंगाटाचा आहे की मैदानात जाण्याचा आहे, हे कुणी तपासलेले नाही. आधी काय झाले, वर्तन काय, नंतर काय मिळाले, याची चार-पाच दिवसांची नोंद हवी. तिसरे, आवाजाने मुलाला खरोखर त्रास होत असेल तर ‘टेबलाखाली गेला नाहीस तर स्टिकर’ म्हणजे तो त्रास सहन करण्याची लाच झाली. चौथे, फुकटचा उपाय राहूनच गेला: घंटेच्या दोन मिनिटे आधी त्याला वर्गाबाहेर न्या, किंवा शिपाईकाकांना घंटा वाजवायच्या आधी खूण करायला सांगा. तालुक्याच्या गावी ऑक्युपेशनल थेरपिस्ट कुठून आणायचा?

आता हे सगळे निकषांत उतरवायचे. ‘उत्तर संवेदनशील आहे’ हा निकष निकामी, कारण दोन तपासणारे त्याला दोन वेगवेगळे गुण देतील. ‘उत्तर सुरक्षित आहे आणि नोंद ठेवायला सांगते’ हाही निकामी, त्यात दोन गोष्टी आहेत आणि एकच बरोबर असेल तर गुण कसा द्यायचा? चालणारा निकष असा: ‘मुलाला ओढून बाहेर काढणे थांबवायला उत्तर स्पष्ट सांगते.’ हो किंवा नाही. याला सर्वाधिक भार. मग: ‘उपाय सुचवण्याआधी किंवा त्याबरोबर, घटनेच्या आधी आणि नंतर काय होते याची नोंद करायला उत्तर सांगते.’ मग: ‘घंटेआधी पूर्वसूचना देण्याचा किंवा मुलाला आधी बाहेर नेण्याचा निदान एक बिनखर्चाचा उपाय देते.’ आणि उणे गुणांचा एक: ‘शिक्षा म्हणून मधली सुट्टी बंद करायला सुचवते.’ आयईपीतले उद्दिष्ट मोजता येईल असे लिहायची आपल्याला सवय असते. ‘रोहनचे वाचन सुधारेल’ न लिहिता ‘जोडाक्षर नसलेल्या १० शब्दांपैकी ८ शब्द, मदतीशिवाय, सलग तीन दिवस वाचेल’ असे आपण लिहितो. निकषाला तीच शिस्त लावायची.

निकष स्वतःच्या पायावर उभा हवा. तपासणारा तुमच्या विषयातला नसेल, कदाचित तो दुसरे मॉडेलच असेल. ‘परीक्षेत योग्य वाढीव वेळ सांगते’ असे लिहिले तर योग्य म्हणजे किती, हे त्याला कुठून कळणार? ‘लेखी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ, असे सांगते’ हे तपासता येते; केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हाच आकडा दिला होता.

दोन उत्तरांची तुलना करताना ‘ब जास्त सविस्तर आहे म्हणून चांगले’ हे कारण देऊ नका. लांबलचक उत्तराला भुलणे हा तपासणाऱ्यांचा नेहमीचा दोष आहे आणि तो दोष मॉडेलही शिकून घेते. चाळीस मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला उद्या सकाळी काय करता येईल, हे बघा.

आपले पारडे कुठे जड आहे

डिसलेक्सियाबद्दल मराठीत विचारले, तरी मॉडेल अनेकदा इंग्रजीतला सल्ला उचलून देते: मूल बी आणि डी ही अक्षरे उलटसुलट करते, त्यासाठी अमुक खेळ खेळा. मराठी माध्यमाच्या दुसरीतल्या मुलाला याचा काय उपयोग? आपली मुले भ-म, घ-ध, थ-य, ब-व यांत अडकतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर वाचायची यात गोंधळतात, आणि जोडाक्षरांशी येऊन थांबतात. हे सांगणारी माणसे या कामात फार थोडी आहेत.

श्रवणदोषाच्या प्रश्नांत अमेरिकन खुणांची भाषा आणि भारतीय सांकेतिक भाषा यांची सरमिसळ होते. या दोन स्वतंत्र भाषा आहेत. ब्रेलचा प्रश्न असेल तर मराठीसाठी भारती ब्रेल, इंग्रजी ब्रेलची संक्षिप्त रूपे नव्हेत. कायद्याच्या बाबतीत तर घोटाळा ठरलेलाच. अमेरिकेचा विशेष शिक्षणाचा कायदा, आयडीईए, अपंगत्वाचे १३ वर्ग मानतो, आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. पुण्यातल्या पालकाच्या प्रश्नाला ‘५०४ प्लॅन मागा’ असे अमेरिकन शाळांतल्या सवलतींचे उत्तर आले तर तिथेच गुण कापा. हेच उलट्या बाजूनेही पाळा: टेक्सासच्या शाळेतल्या आयईपी बैठकीचा प्रश्न आला आणि तिथला कायदा माहीत नसेल, तर काम सोडून द्या. अंदाजाने उत्तर तपासले तर ती चूक पुढे हजारो शिक्षकांपर्यंत जाते.

मॉडेल चुकेल असा प्रश्न रचा, असेही काम येते. त्यासाठी शब्दांची कसरत नको. दोन अडचणी एकत्र आणा. स्वमग्न आणि अल्पदृष्टी असलेल्या मुलीसाठी दिनक्रम विचारा. मॉडेल बेधडक चित्रकार्डांचे वेळापत्रक देते. हातात घेऊन ओळखायच्या वस्तू, जसे जेवणासाठी चमचा, खेळासाठी चेंडू, त्याला सुचतातच असे नाही. बहुविकलांग मुलांबरोबर काम केलेल्या शिक्षकाला असे प्रश्न बसल्या जागी दहा सुचतील.

सहावी पायरी: मुलांची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही

याबाबत मी कडक आहे. तुमच्या कपाटातले आयईपी, मूल्यमापन अहवाल, वहीचे फोटो, वर्गातले व्हिडिओ, यातले काहीही प्लॅटफॉर्मवर चढवायचे नाही, पालक ‘चालेल’ म्हणाले तरीही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितले आहे. तोंडी ‘चालेल’ म्हणजे ती संमती नव्हे. नाव बदलले की झाले, असेही नाही. तालुक्यात एकच मूल एखाद्या दुर्मीळ सिंड्रोमचे असेल, तर वय आणि गाव एवढ्यावरून सगळे ओळखतात. उदाहरण लागेल तेव्हा तीन-चार मुलांचे अनुभव मिसळून, वय, घर, गाव बदलून नवे मूल घडवा.

आणखी एक बारीक गोष्ट. तास मोजणारे सॉफ्टवेअर बसवायला सांगतात आणि ते ठरावीक वेळाने स्क्रीनचे फोटो घेते. मागे शाळेची फाइल किंवा पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप उघडे असेल तर तेही त्यात जाते. या कामासाठी संगणकावर वेगळे यूजर खाते करा, आणि शाळेचा लॅपटॉप तर वापरूच नका.

सातवी पायरी: करार आणि पैसे

तुम्ही कर्मचारी नसता, स्वतंत्र कंत्राटदार असता. रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, नोटीस नाही. करारात तीन गोष्टी शोधा: सूचना वाचायला आणि प्रशिक्षणाला पैसे आहेत का, नाकारलेल्या कामाचे पैसे मिळतात का, आणि गुप्ततेच्या कलमात नेमके काय सांगायचे नाही. लिहिलेल्या मजकुराचे हक्क जवळपास नेहमी कंपनीकडे जातात, तेव्हा पुढे पुस्तकात घालायचा म्हणून जपलेला पाठ इथे लिहू नका.

अमेरिकन कंपनी असेल तर डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरून घेतात. तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही एवढेच त्यात सांगायचे असते, घाबरण्यासारखे काही नाही. पैसे आले की बँकेकडून परकीय रक्कम आल्याची पावती मागून फाइलला लावा. हे उत्पन्न पगारात मोडत नाही, व्यवसायात मोडते, त्यामुळे नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही. वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. जीएसटी लागू होतो का आणि अंदाजित उत्पन्नावर कर भरण्याची (प्रिझम्प्टिव्ह) सवलत तुम्हाला मिळते का, हे परदेशी उत्पन्न हाताळणाऱ्या सीएला पहिल्याच वर्षी विचारा. त्याची फी पुढच्या नोटिशीपेक्षा स्वस्त पडते.

दर प्रकल्पागणिक बदलतात, म्हणून तासाचा आकडा बघून महिन्याचा हिशोब मांडू नका. प्रकल्प आज भरभरून असतो आणि उद्या ‘सध्या काम उपलब्ध नाही’ एवढी एक ओळ दिसते. या पैशांवर घराचा हप्ता बेतू नये आणि यासाठी शाळा सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेत मुले समोर असतात म्हणून तर उत्तर कुठे खोटे वाजते ते कळते. सुरुवातीला आठवड्याचे चार-पाच तास ठरवा, शनिवार-रविवारी बसा, आणि पहिल्या प्रकल्पात तपासनिसांकडून आलेले शेरे एका वहीत उतरवून ठेवा. दुसऱ्या प्रकल्पाच्या अर्जात निकष लिहिण्याचा अनुभव म्हणून दाखवायला तीच सामग्री कामी येते, अर्थात गुप्ततेच्या कलमात बसेल तेवढीच.